खिसा

नोटांच्या छापखान्यात तीस वर्षं
सुटताना खिसे उलटे करून दाखवले.
आता चर्चच्या मागे, गंजक्या घमेल्यात
गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळतो.

फादर म्हणाले, सगळ्यांच्या आल्या, शांतवन. तुझी?

माझी म्हणजे सलोमीची.
झावळ्यांच्या रविवारी मिस्साभर
बोटांनी विणलेला तिचा वेडावाकडा क्रूस.
पास्काच्या आधीच गेली ती.

जेल रोडला द्राक्षांच्या गाड्या लागल्यात.
उपवास उद्यापासून. तिने आज
अर्धा किलो तरी आणलीच असती.

टाकला.
भर्रकन पेटला.

उद्या फादरांचा अंगठा कपाळावर टेकेल,
त्या राखेत किती ती, किती गाव,
कुणी मोजणार नाही.

सवयीने खिसा उलटा करतो.
तळाशी थोडा चुरा.

तो
दाखवत नाही.