रेघ

साहेबांचा मेल आला: कौशल्यवृद्धी.
तीन शनिवार. फी अर्धी कंपनी भरणार,
उरलेली माझ्या पगारातून, दोन हप्त्यांत.
म्हणजे मला जे येत नाही
त्याचा अर्धा खर्च माझा. बरं.

जुन्या कापडगिरणीचा तिसरा मजला.
खाली कॉफीचं दुकान, वर आम्ही अकरा जण,
खिडकीला टेकलेल्या ट्रामच्या तारा.
शहराचं नाव वूच, म्हणजे होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्याखाली, नळांत कोंबलेल्या.

शिकवणारा तिमोन, माझ्या मुलाहून दोन वर्षांनी लहान,
पायांत दोन रंगांचे मोजे, मुद्दाम.
म्हणाला, आधी आपण सगळं विसरू या.
थांब बाळा, मी मनात म्हटलं,
त्याला अजून थोडी वर्षं आहेत.

पहिल्या शनिवारी अक्षरांमधली मोकळी जागा.
तो ती आकड्यांनी मोजत होता.
मी पापण्या अर्ध्या मिटून बघते.
ब्लेड, मेणाचा रोलर, सगळं चाललंय ह्या हातांखालून;
अक्षराला अक्षर खेटलं
की मला दाढेत कळ येते.
"मला पण," शेजारून कलिना कुजबुजली.
ती औषधांची खोकी करते.
तेवढ्यावर आमची मैत्री.

दुसऱ्या शनिवारचा गृहपाठ:
ज्याची सर्वांत जास्त लाज वाटते ते काम घेऊन या.
कुणी दंतवैद्याचा लोगो आणला, कुणी लग्नपत्रिका.
वाईट नव्हतं त्यात काही.
लाजसुद्धा माणसं निवडून आणतात.
मी कोंबडी आणली.

एकोणीसशे नव्व्याण्णव, ईस्टरच्या आधीचा आठवडा,
चार पानी पत्रक, मधोमध कोंबडी,
तिच्या मांडीवर तांबडी चांदणी: फक्त आठवडाभर!
चांदणी मी नखभर डावीकडे सरकवली,
कारण तिथं ती डोळ्याला बरी वाटली.
तिच्याखाली चारचा आकडा होता.
उरले नव्व्याण्णव ग्रोश.
चाळीस हजार प्रती.
सकाळी सहाला दुकानापुढे रांग,
जुनी राजवट गेल्यापासून
एवढी रांग कुणी पाहिली नव्हती.
माझा एक पगार गेला. नोकरी राहिली,
का राहिली ते मी विचारलं नाही.

तिमोन खडूसारखं बोट उचलून
नजर आधी कुठं जाते ते सांगणार, तेवढ्यात
मागच्या बाकावरून वित, पाब्यानित्सेचा,
मालगाड्यांच्या पत्र्यांवर जाहिराती चिकटवणारा:
"त्या कोंबड्या? आमच्याकडे तीन आल्या होत्या.
बाबांचा कारखाना नुकताच बंद पडला होता.
एक भाजली, एकीचं सूप केलं,
तिसरी आईने बाल्कनीत टांगून ठेवली,
ती मांजराने नेली."
मग थोडं थांबून,
"पत्रक छान होतं."

इतक्या वर्षांत माझ्या कामावर
खाणाऱ्याने दिलेलं हे पहिलं मत.
कलिना हसता हसता टेबलाखाली गेली.
तिमोनने पुढची स्लाइड लावली.
ग्रिड.

तिसऱ्या शनिवारी प्रमाणपत्रं.
जाड, चकचकीत कागद, नाव टपोऱ्या अक्षरांत:
बोगुमिला.
मी बोगुमिवा.
आमच्या एलच्या अंगावरून एक तिरकी रेघ जाते,
असली तर व, नसली तर ल.
त्याच्या नव्याकोऱ्या फॉन्टात ती नव्हती.
शहराचं नावसुद्धा त्याच रेघेने सुरू होतं,
हे मी बोलले नाही. त्याचे कान
आधीच चांदणीसारखे लाल झाले होते.
पुन्हा छापून देतो, म्हणाला.
राहू दे म्हटलं.

ट्राममध्ये मांडीवर पर्स, पर्सवर प्रमाणपत्र,
पेन काढलं आणि मारली रेघ.
नेमका तेव्हाच ट्रामने हिसका दिला,
रेघ शेजारच्या अक्षरापर्यंत गेली.
एरवी दाढेत कळ आली असती.
चकचकीत कागदावर शाई वाळेना.
माझा स्टॉप गेला, त्याच्या पुढचाही,
मी फुंकर घालत बसले.