नीरम

सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच,
माझ्या टेबलावर एक गलबत आलं.
बुटांच्या खोक्यात. सुट्या चिठ्ठ्या.
एकशे बारा शब्द, कुणाच्या तरी पेन्सिलीचे,
आणि अर्थ –
परभाण : नौकेचा एक भाग.
दामण : नौकेचा एक भाग.
नाळ : पाहा, नौका.
असा कोश बुडेल, मी संपादकांना म्हटलं.
ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत तरंगवा.

टिंबर मार्केटात भिवा मेस्त्री सापडले.
मूळ विजयदुर्गाचे, आता किचन ट्रॉल्या करतात.
कानावर पेन्सिल, पापण्यांवर प्लायचा भुसा.
पठाण? मी विचारलं.
त्यांनी पाठ फिरवली,
अंगठा मानेपासून माकडहाडापर्यंत ओढला.
"हो. आदी हो घालूचो. मगे वाक."
आणि शर्टावरूनच बरगड्या मोजून दाखवल्या,
एक जुनी मोडलेली, तीही मोजली.

दामण, म्हणाले, शिडाचा लगाम.
हातात धरायचा. बांधून झोपायचं नाही.
भांग म्हणजे अष्टमीचं पाणी,
धड चढत नाही, धड उतरत नाही.
"तुमच्या नदीक भांग कधी?"
मुठेला भरती नसते, मेस्त्री, विसर्ग असतो.
खडकवासल्यातून. क्युसेकमध्ये.
ते इतके हसले की करवत बंद करावी लागली.
मला विसर्ग दोन टिंबांचा ठाऊक,
दुःखातला.

नीरम मात्र त्यांनी सावकाश सांगितलं.
माल उतरला, गलबत रिकामं, परत निघायचंय –
तर पोटात दगड भरायचे.
विकायचे नाहीत. कुणाचे नाहीत.
नुसतं वजन, लाटेत कलंडू नये म्हणून.

चहा येईतो मी त्यांची पेटी पाहत होते.
वर ड्रिल, स्क्रूचे डबे, लॅमिनेटचे नमुने.
तळाला एक वाकस, दांडा काळा पडलेला.
प्लायला वाकस लागतो?
"नाय."
मग?
"बापाशीचो," म्हणाले, आणि कप पुढे केला.

शुक्रवारी एकशे अकरा शब्द छापायला गेले,
प्रत्येकी दोन ओळी, उदाहरणाला जागा नाही.
एक चिठ्ठी उरली. मेस्त्रींनाही न उमगलेली;
त्यांनी ती उजेडात धरली, जिभेवर घोळवली,
आजो म्हणत असात, एवढंच बोलले.
ती मी टाकली नाही.
खोक्यात आहे, तळाला.