उलटी छाप

तांब्याचा पत्रा आधी शेगडीवर कोमट करायचा,
काजळ-तेलाची शाई रेघारेघांत दाबायची,
आणि शेवटी तळहाताने पुसायचं.
फडक्याने नाही. फडकं रेघेतली शाई पिऊन टाकतं.
हार्लेममध्ये, योप्पे मास्तरांच्या छापखान्यात
सहा वर्षं माझं हेच काम.

म्हणजे रोज सकाळी मी आल्ट्येचं तोंड पुसत असे.
आधी कपाळ, मग नाक,
मग हातातलं खुरपं, सलगमांची टोपली,
मग तो कुत्रा,
जो मास्तरांनी मनाने घातला.

मास्तर तिच्या गावी एकदाच गेले,
चिखलाला नावं ठेवत परत आले.
शहरातली माणसं चित्र विकत घेत, जेवणघरात लावत,
म्हणत, बघा, कशी हसतेय बोळक्या तोंडाने!
ती हसत नव्हती.
उन्हाकडे तोंड करून दोन तास उभं केलं होतं तिला,
एका नाण्याच्या बोलीवर.

जत्रेच्या दिवशी ती स्वतःच दुकानात आली.
लाकडी बूट दाराबाहेर काढले.
बराच वेळ बघत राहिली.
"मी डावखुरी नाही रे पोरा.
चर्च आमचं नदीच्या अलीकडे.
आणि वारा तिकडून येतच नाही कधी."
मी म्हटलं, छापताना सगळं उलटं होतं.
"हो का?
मग त्या उलट्या गावात असेल माझा वाउटर.
या काठाला बुडाला तो."
घेतेस का एक, विचारलं,
तर म्हणाली, बघून झालं की, आता पैसे कशाला.

दोनेकशे प्रतींनंतर तांबं दमतं.
आधी छपरावरचा धूर गेला,
मग कुत्र्याची शेपटी,
मग तिच्या गालांवरच्या बारीक रेघा.
छापागणिक तरुण होत गेली आल्ट्ये.
गिऱ्हाइकं कुरकुरली: म्हातारी फिकी पडली.
मास्तरांनी सुई घेतली,
सुरकुत्या पुन्हा खोल कोरल्या,
होत्या त्याहून दोन जास्तच.

त्या दिवशी पुसताना मी हात हलका ठेवला.
थोडी शाई वर राहू दिली.
तिच्या दारापाशी तिन्हीसांजेसारखं काही उतरलं.
मास्तर म्हणाले, घाणेरडी छाप, विकायची नाही.

ती माझ्याकडे आहे.
मास्तरांचा आरसा मोकळा असला की समोर धरतो.
चर्च अलीकडे येतं,
खुरपं उजव्या हातात जातं,
वारा बरोबर वाहू लागतो.
वाउटर कुठे जात असेल तेव्हा,
ते मी बघत नाही.