करकर नसलेली जोडी

पापाच्या तिकटीमागच्या बोळात
आमच्या दुकानाला पाटी नाही, टेप आहे.
कुणी पत्ता विचारला तर पानवाला सांगतो,
"वडणगेकरबाई गात असतील, तिथं वळा."

कुमुदिनी वडणगेकर. गाणी अकरा.
आता बारा, पण ते पुढं येईल.
हुरड्याच्या गाण्यावर तळ कापून होतो,
विहिरीच्या गवळणीवर कान शिवून होतात.
हौसा वेणी घालते ती बाईंच्या लयीत जाते;
संथ गाणं लागलं की वीण सैल पडते,
गिऱ्हाईक आठवड्यात परत.
म्हणून अंगाई आम्ही जेवताना लावतो.

मला सुरातलं कळत नाही.
देवल क्लबात जाणारे येतात, राग सांगतात,
मी मान हलवतो आणि माप घेतो.
मला कळतं ते एवढंच :
दुसऱ्या कडव्याआधी बाई श्वास घेतात, तो ऐकू येतो.
भरली घागर उचलायच्या आधी
चुंबळ सारखी करताना घेतात, तसा.
मग पुढची ओळ डोक्यावर चढते
आणि थेंबभर हिंदकळत नाही.

आणि 'आई' म्हणताना त्यांची ई जराशी उरते,
फुटाणेवाल्यानं पुडी बांधल्यावर
वरून चार दाणे हातावर ठेवावेत, तशी.

एकदा त्या आल्या.
गुरुवार होता, अंबाबाईहून आलेल्या,
पिशवीत ओटीचा नारळ आणि चष्म्याच्या दुकानाची पावती.
नेमकी लाइट गेलेली, टेप मुका.
मी ओळखलं नाही. कॅसेटवरचा फोटो
तीस वर्षांमागचा, त्यात दोन वेण्या.
त्या म्हणाल्या, "कानवाली द्या.
पण करकर नको हं, माइकला ऐकू येते."

हौसाच्या हातातली वादी सुटली.

करकर नको म्हणणारं गिऱ्हाईक
कोल्हापुरात मी त्या दिवशी पहिलं पाहिलं.
पैलवान मागतो तो तालमीच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशी,
नवरदेव तर वर पैसे देतो.
बाईंना काय काय सांगायचं, वीस वर्षं पाठ होतं.
"पाय ठेवा," एवढंच तोंडातून गेलं.

जुनी जोडी उलटी केली.
डावी जवळजवळ कोरी.
उजवीचा अंगठ्याखालचा तळ
झिजून कागद झालेला, रुपयाएवढा, गोल.
रस्ता असं खात नाही. रस्ता टाच खातो.
हे तालानं खाल्लेलं.
म्हणजे अकराच्या अकरा गाण्यांत
हा अंगठा चालू होता
आणि मला, रोज ऐकणाऱ्याला, पत्ता नव्हता.

घरी नेऊन केली ती जोडी.
उजव्या अंगठ्याखाली म्हशीच्या पाठीचं दुहेरी कातडं,
मधे नमद्याचा तुकडा, सशाच्या कानाएवढा मऊ.
करकरीचं बी घातलं नाही.
तेल दोनदा पाजलं, रात्रभर उशाशी ठेवली,
पहाटे घालून न्हाणीपर्यंत चालून बघितली
(माझा पाय मावेना, टाच बाहेर), गप्प होती.

पैसे घ्यायचेच नव्हते.
पण बाईंनी तीस रुपयांवर घासाघीस सुरू केली
आणि मला ती थांबवावीशी वाटेना.
हौसा मागाहून म्हणाली, "सुरात केली की हो."

परवा सांगली केंद्रावर बारावं लागलं.
निवेदकानं तबला सांगितला, बासरी सांगितली,
संवादिनीवाल्याचं गाव चुकवलं.
मी हातातली आरी खाली ठेवली, रेडिओला कान लावला.
"एवढं काय ऐकताय?"
म्हटलं, उजवा अंगठा.
"येतोय?"
नाही. अजिबात नाही.

गाणं संथ होतं.
त्या दिवशीची वेणी सैल पडलीय.
गिऱ्हाईक आलं तर बदलून देऊ.