टोकाला कातर लावू नये

साडेचार हजार? एका ब्रशचे?
नवरीच्या मावशीनं तो चिमटीत धरून उलटा केला,
जणू किंमत शेपटीला लिहिलेली असते.
फोंड्यात, मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत
पंखा बंद, पावडर उडते म्हणून.
घाम पोचायच्या आत मला एक चेहरा संपवायचा होता.
मी म्हटलं, मावशी, बसा. डोळे मिटा.

कुंकळ्ळीला शाणू चितारी राहतो.
बापानं लाखेचे पाळणे केले, पाट केले, लाल-पिवळे,
शाणू ब्रशांच्या मुठी करतो.
पाळणे आता प्लास्टिकचे येतात, असं सांगतो,
पाऊस संपला सांगावं तसं.
लेथ फिरते. लाखेची कांडी टेकली
की लाकूड स्वतःच्याच उबेनं रंग पितं.
मग केवड्याचं पान धरायचं
मुठीत समोरची खिडकी दिसेपर्यंत.

केस शेळीचे, मानेखालचे.
रिठ्यात धुतलेले, तुसाच्या राखेत घोळलेले,
आणि मग सुलक्षाच्या पुढ्यात.
दाराशी उजेडाला बसून ती
सुरीच्या पात्यानं उलटे केस वेचते.
डाळीतले खडे वेचणं बरं, म्हणते, खडा निदान दिसतो.
एक उलटा केस हजारांत लपतो,
गालाला मात्र सापडतो.

उरलेले पितळी वाटीत, टोकं खाली,
वाटी मेजावर टक टक टक,
अर्धा तास, कधी जास्त,
टोकं आपापली जागा घेतात, घुमट होतो.
कापायचं ते मुळाशी.
टोकाला कातर लावू नये.

मला हे ठाऊक नव्हतं.
पहिल्याच वर्षी दोन केस वर आलेले दिसले
आणि मी भुवयांच्या कातरीनं
सगळा घुमट नीट कापून घेतला. छान दिसला.
पुढं कडी सैल झाली म्हणून शाणूकडे नेला.
त्यानं बोट लावलं नाही.
अठ्ठावीस वर्षं गरम लाख धरून
त्याच्या बोटांना आता काही कळत नाही,
उकळता चहा तो बिनकानाच्या पेल्यातून पितो.
त्यानं डोळा मिटला,
ब्रश पापणीवरून एकदा ओढला.
बाय, हें तोपता.
एवढंच. माझा ब्रश सुलक्षाला दिला,
समईची काजळी झाडायला.
नवा दिला, आणि पैसे पुरते घेतले.

मडगावच्या बसमध्ये मी रागानं फुगून बसले.
दोन केसांपायी साडेचार हजार!
नावेली जवळ आली तेव्हा
कागद सोडला, आणि कोणी बघत नाहीसं पाहून
ब्रश पापणीवरून ओढला.

काय सांगू.
झोपलेल्या मुलाला उठवायचं नसताना
आपण हात लावतो ना, तसं काहीतरी.

शेजारची खारवीण बघत होती.
पाटी रिकामी, मनगटापर्यंत बांगड्याचे खवले.
कितें तें?
मी तिच्या हाताच्या पाठीवरून ब्रश फिरवला,
नवाकोरा, साडेचार हजारांचा, खवल्यांवरून.
ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.
रेल्वे फाटकाशी बस थांबली तेव्हा
तिनं दुसरा हात पुढं केला.

त्या रात्री मी तो तीनदा धुतला,
टोकं खाली करून दोरीला टांगला.
सहा वर्षं झाली. किती गाल, मोजले नाहीत.
मूठ जिथं अंगठा बसतो तिथं फिकी झालीय,
खिडकी दिसत नाही आता, नुसता उजेड दिसतो.

मावशी, झालं, मी म्हटलं.
खाली वाजंत्री आली होती,
नवरी आरशात स्वतःला शोधत होती.
तरी साडेचार जास्तच, मावशी म्हणाली,
डोळे न उघडता.