दहा सेंटीमीटर

अवधानच्या एमआयडीसीत, शेड नंबर एकतीस.
पत्र्याखाली पारा चव्वेचाळीसवर
आणि टेबलावर समुद्राचा कागद.

कागदात समुद्र नाही.
एक लंबगोल चौकट, आत उभे गज,
दोन गजांमध्ये बाणाने दाखवलेलं अंतर: दहा सेंटीमीटर.
तळाशी एकाखाली एक देशांची नावं.
काही मी घरी मुलाच्या नकाशात शोधली,
चिमणीचा उजेड असावा तसं बोट फिरवत.

साहेब म्हणाले, ही जाळ्याच्या घशात बसते.
कोळंबी गजांतून मागे पिशवीत जाते,
कासव आपटतं, वर सरकतं,
झडप ढकलून बाहेर पडतं, श्वास घ्यायला.
सुभान तडवीने तोंडावरची काच वर केली.
पाण्यातलं जनावर, अन् पाण्यातच बुडून मरतं?
कोणी हसलं नाही.
कंप्रेसर तेवढा धापा टाकत राहिला.

माझं काम मापाचं.
हातात सागवानी ठोकळा, नेमका दहाचा.
प्रत्येक फटीत घालायचा.
घट्ट बसला तर पास, सैल फिरला तर नापास.
पहिल्याच खेपेला चौदा चौकटी बाजूला काढल्या.
अकरा भरत होतं.
सुभान चिडला. करंगळीएवढा फरक, ताई.
एवढ्यानं कोणाचं काय जातं?
काय जातं ते मलाही ठाऊक नव्हतं.
मी खडूने फुली मारली, झालं.

दुपारच्या सुट्टीत कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि बापू सोनवण्यांनी आणलेलं
पांझरेच्या वाळूतलं लहानसं खरबूज.
कापायच्या आधी सुभानने ते उचललं,
पास झालेल्या चौकटीला लावलं.
थांबलं.
फुलीच्या चौकटीला लावलं.
पलीकडे गेलं, गडगडत, थेट ग्राइंडरखाली.
तो त्या फटीकडे बराच वेळ बघत राहिला.
मग खरबूज धुतलं, कापलं, सगळ्यांना वाटलं.
स्वतःची फोड खायला विसरला.
संध्याकाळी चौदाही चौकटींचे टाके
त्यानेच तोडले, कोणी न सांगता.

ज्या देशांच्या बोटी एकमेकांच्या हद्दीत धरल्या जातात,
ज्यांचे कोळी एकमेकांच्या तुरुंगांत म्हातारे होतात,
ज्यांना पाण्यावर एक रेघ मारता आली नाही,
त्यांचं या फटीवर जमलं.
हे मला बातम्यांतून नाही कळलं,
ठोकळ्यातून कळलं,
तिनशेव्या की तिनशे दहाव्या वेळी,
बोटांना घट्टे पडल्यावर.

ट्रक भरताना बापूंनी विचारलं,
समुद्र दखेल शे का कोनी?
नही भो.
हेल्परने मान हलवली, ड्रायव्हरनेसुद्धा.
सुभान म्हणाला, तापी पाहिली मी.
ती जाते ना तिकडेच.
मग दोर आवळले, ताडपत्री बांधली
आणि दोनशे दारं
आग्रा रोडला लागली.

सोमवारी नदीकाठच्या महादेवाला गेले.
नंदीपुढे फरशीत दगडी कासव,
कपाळं टेकून टेकून गुळगुळीत झालेलं,
चारी पाय आत ओढून बसलेलं.
आजवर त्याला नमस्कार केला होता,
मापलं नव्हतं.
अंगठ्यासकट माझा पंजा म्हणजे दहा,
आता ठोकळ्याशिवायही समजतं.
ठेवला त्याच्या पाठीवर.
एक पंजा. दुसरा. तिसऱ्याची दोन बोटं.

नाही जाणार.

ओढणीच्या गाठीत खडूचा तुकडा होता.
कुंकवाशेजारी बारीक टिक केली
आणि पुजाऱ्याचं लक्ष जायच्या आत
घंटा न वाजवताच बाहेर आले.