तिसरी मरणारी मुलगी

ओहायोत, एका डेंटिस्टच्या तळघरात
नऊ रात्रींत उरकला आमचा सिनेमा.
खेळ असा: ज्याला सगळ्यांत कमी लाइक
तो बाराच्या ठोक्याला मरणार.
दिग्दर्शक वेन्डेल दिवसा टायर बदलायचा,
मी मक्याच्या पाकात लाल रंग कालवायचे.
मुंग्या आधी यायच्या, मरण मागून.

तिसरी मरायची ती ट्रूडी.
तीनदा मेली,
कारण दोनदा तिला मेल्यावर शिंक आली.
तिच्या पात्रासाठी खरोखरचं खातं उघडलेलं,
खोटं नाव, खोटी जन्मतारीख,
फोटोत वेन्डेलच्या बहिणीचं कुत्रं.

सिनेमा कुणी घेतला नाही.
ट्रूडी टोलेडोत शाळेची बस चालवते.
पासवर्डाची चिठ्ठी
डेंटिस्टच्या बायकोनं केरात झाडली म्हणे.

पण दर चार मार्चला
सात-आठ अनोळखी माणसं त्या मुलीला शुभेच्छा देतात.
एक बाई तर न चुकता विचारते,
बरी आहेस ना गं? किती दिवसांत बोलली नाहीस.

उत्तर द्यायला आत जाणार कोण?

काल, बाराला दोन मिनिटं असताना,
कुत्र्याच्या त्या फोटोला मी एक लाइक दिला.
उगाच.
शून्यावर होती बिचारी.